काही करत नाही हो तो!

कुत्रा पाळणाऱ्याला एक वाक्य नीट म्हणता आलं पाहिजे. ते जमलं की पट्टा, साखळी, लायसन या गोष्टी मागाहून आल्या तरी चालतात आणि नाही आल्या तरी कुणी विचारत नाही. ते वाक्य म्हणजे, "काही करत नाही हो तो!" हे वाक्य बऱ्यापैकी लांबून म्हणायचं असतं, शक्यतो गच्चीवरून किंवा व्हरांड्यातल्या झोपाळ्यावरून, हसत हसत. ते म्हटलं जातं तेव्हा तो, म्हणजे काही न करणारा, तुमच्या छातीवर पुढचे दोन पाय ठेवून उभा असतो, त्याचं नाक तुमच्या चष्म्याच्या काचेला टेकलेलं असतं आणि तुमच्या हातातली कोथिंबिरीची जुडी रस्त्यावर पडलेली असते. एवढं सगळं करून झाल्यावर जे उरतं, ते तो करत नाही, असा त्या वाक्याचा अर्थ लावायचा.

मग सूचना सुरू होतात. "पळू नका, पळालं की त्याला खेळ वाटतो." "हात वर करू नका." "डोळ्यांत बघू नका." "छत्री मिटा आधी, त्याला छत्री चालत नाही." "तुम्ही घाबरलात ना, ते त्याला वासावरून कळतं." नीट ऐकलं तर लक्षात येतं की या सगळ्या सूचना आपल्याला असतात, कुत्र्याला एकही नसते. भर रस्त्यात कवायत आपण करायची आणि निरीक्षणाला तो. शेवटी मालक खाली उतरतात, कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवतात आणि आपल्याला प्रशस्तिपत्र देतात, "तुम्ही त्याला आवडलात बघा!" सख्ख्या सासुरवाडीत इतक्या वर्षांत जे कुणी बोललं नाही, ते असं चिखलाच्या पंजांसकट ऐकायला मिळतं.

'भीक नको, पण कुत्रं आवर' असं जो कुणी पहिल्यांदा म्हणाला, त्याची मला नेहमी असूया वाटते. तो भिकारी होता. त्याला पुढच्या दारी जाता येत होतं. शेजाऱ्याला ती सोय नसते. त्याचं घरकर्ज फिटायला अजून वर्षं असतात.

आमची सोसायटी सांगलीतली. पुढे चार फुलझाडं, मागे एक शेवगा, मधे कंपाउंडची भिंत, अशी बैठी घरं. माझ्या शेजारी आप्पा राहतात. आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. धरणाचे दरवाजे किती फुटांनी उचलायचे, किती क्युसेकनं पाणी सोडायचं, नदीकाठच्या गावांना केव्हा कळवायचं, यात त्यांची हयात गेली. महापुरातलं त्यांचं काम लोक अजून नावाजतात. माणूस लाखात एक. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं तर आधी आप्पांची गाडी बाहेर निघते. पेटीतला पहिला आंबा शेजाऱ्याच्या घरी जातो. अशा माणसाशी भांडता येत नाही, हीच तर सगळी पंचाईत. शेजारी खडूस असता तर केव्हाच मोकळं झालं असतं.

तर या आप्पांच्या स्वतःच्या फाटकाची कडी कुठल्याशा पावसाळ्यात गंजून पडली. तेव्हापासून फाटकाला आतून एक वीट लावलेली असते. तिथून दिवसातून अनेकदा विसर्ग होतो आणि नदीकाठच्या गावांना, म्हणजे आम्हाला, कुणी काही कळवत नाही. गल्लीत आता बायकाही भाजीवाल्याला थांबवण्याआधी एकमेकींना विचारतात, "विसर्ग चालू आहे का गं?"

कुत्रे तीन. ब्रूनो हा लॅब्रॅडोर. अंगानं धिप्पाड, स्वभावानं राजकीय कार्यकर्ता, म्हणजे दिसेल त्याच्या गळ्यात पडणारा. दुसरा सुलतान. हा कारवान, म्हणजे मुधोळ जातीचा. उंच, पोट पाठीला गेलेलं, चेहऱ्यावर खानदानी कंटाळा. त्याच्याबद्दल तक्रार करायला गेलं की आधी इतिहास ऐकावा लागतो. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली होती, लष्करानंही हे कुत्रे घेतले, 2005 मध्ये टपाल खात्यानं तिकीट काढलं. हे सगळं खरं आहे. टपाल खात्यानं कुत्र्याचं तिकीट काढावं, हा मोठेपणा तर मला फारच भावतो. पोस्टमनला विचारलं असतं तर कदाचित काढलं नसतं. सुलतान पोस्टमनच्या सायकलला शेवटच्या घरापर्यंत निरोप देतो, तेव्हा त्या बिचाऱ्याच्या थैलीत सुलतानच्याच पूर्वजांचं तिकीट असेलही.

तिसरी छकुली. पांढरी, झुबकेदार, पॉमेरियन, नारळाएवढी. बघणाऱ्याला वाटतं, ही काय करणार? गल्लीत ज्यांच्या पोटऱ्यांवर खुणा आहेत, त्या सगळ्या छकुलीच्या आहेत. मोठे दोघं आवाज करून लक्ष वेधतात आणि ही खालून काम करून जाते.

विसर्ग प्रत्यक्ष कसा होतो, हे मी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहतो. सकाळी दुधाच्या गाडीचा आवाज आला की सुलतान पायरीवर येऊन बसतो. श्रमाच्या कामाला तो हात लावत नाही. ब्रूनो पुढे होतो, नाकानं वीट डावीकडे ढकलतो. वीट हलते, पण अडते, कारण तिथं फरशी जराशी वर आली आहे. मग तो दोन पावलं मागे येतो, विचार करतो, आणि उजवीकडून ढकलतो. वीट आडवी पडते. आता तो फाटक पंजानं आत ओढतो. बाहेर ढकलत नाही, कारण ते आत उघडतं. ही गोष्ट आमच्या कुरिअरवाल्याला अजून समजलेली नाही, तो रोज बाहेरून ओढत बसतो. फाटकाला वीतभर फट पडली की छकुली आधी निसटते, मागून ब्रूनो, आणि सगळं सुरळीत झाल्यावर सुलतान, मिरवणुकीतल्या प्रमुख पाहुण्यासारखा. दूध टाकणारा पोरगा तोपर्यंत आमच्या भिंतीवर चढलेला असतो. पिशव्या तो तिथूनच वाटतो. नेम चांगला आहे त्याचा. घंटागाडीवाले तर थांबतच नाहीत. गाणं वाजत येतं आणि वाजत जातं, मागे तीन कुत्रे पळत असतात आणि त्यांच्या मागे कचऱ्याची बादली घेऊन आमच्या गल्लीतले लोक.

चपलांचं प्रकरण निराळं. ब्रूनोला चपला लागतात, पण जोड लागत नाही. प्रत्येक घराच्या दारातून एक. त्यातही उजव्या पायाची त्याला जास्त पसंत असावी, असा माझा अंदाज आहे. कधीतरी रविवारी सकाळी आप्पा पोतं घेऊन बाहेर येतात आणि रस्त्याच्या कडेला रिकामं करतात. मग गल्लीची ओळखपरेड होते. कोल्हापुरीचे अंगठे, रबरी स्लिपरा, शाळेचा एक बूट, कुणाच्या तरी लग्नातली जरीची मोजडी. लोक कंबरेवर हात ठेवून पाहतात, एखादी उचलतात, तळ बघतात, परत ठेवतात. आप्पा प्रत्येकाला आस्थेनं विचारतात, "मिळाली का सर? ही बघा, तुमचीच वाटते." मी एकदा म्हटलं, "आप्पा, माझी होती, पण आता पट्टा उरला नाही तिला." त्यावर ते खिन्न झाले. म्हणाले, "चामडं हलकं येतंय हो अलीकडे."

एप्रिलात वाळवणाचे दिवस येतात. सौ.नं यंदा कुरडया घातल्या. गहू तीन दिवस भिजवून, चीक काढून, पहाटे उठून, शेजारणींना हाताशी घेऊन, पुढच्या अंगणात साडीवर घातलेल्या कुरडया. कावळ्यांसाठी काळं फडकं बांधलं, चिमण्यांसाठी मला बसवलं. कुत्र्यांचा विचार झाला नव्हता असं नाही, पण आमचं फाटक बंद होतं. भिंत सुलतानला अडवत नाही, हे त्या दिवशी कळलं. तो आला, कुरडयांच्या रांगांमधून अतिशय जपून, एकाही कुरडईवर पाय न देता चालत गेला आणि टोकाला पोचल्यावर तिथंच लोळला. सौ.चा आवाज ऐकून आप्पांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, भिंतीशी आल्या. त्यांनी एकंदर दृश्य पाहिलं, आणि चेहऱ्यावर जे आलं ते ओशाळलेपण नव्हतं, कौतुक होतं. "अगंबाई, सुलतान, तुला कुरडई आवडते? घरी तर तोंड लावत नाहीस!" मग सौ.कडे वळून, "तुमच्या हातालाच चव आहे हो." यावर काय बोलणार? सौ.नं 'बरं' म्हटलं. त्या दिवशी आमच्या घरी स्वयंपाक झाला नाही.

तक्रार करायला म्हणून मी गेलो नाही, असं नाही. जाताना मनाशी वाक्यं जुळवून गेलो होतो. पण आप्पांच्या घरात शिरलं की वाक्यं जुळलेली राहत नाहीत. "या की सर, बसा. अगं, सर आलेत, चहा टाक." बसायला जी खुर्ची होती तिच्यावर ब्रूनो होता. त्याला उठवण्यात पहिली दहा मिनिटं गेली. मग चहा आला, चकली आली, चकली ब्रूनोनं घेतली, दुसरी आली. मग आप्पांनी मोबाइलवर सुलतानचे लहानपणचे फोटो दाखवले. मग छकुलीच्या पित्ताच्या त्रासाची हकिगत झाली. वहिनी म्हणाल्या, "रात्र रात्र झोपत नाही हो लेकरू." मी म्हटलं, "माहीत आहे. आम्हीही जागे असतो." त्या गहिवरल्या. त्यांना वाटलं, आम्ही काळजीनं जागे असतो.

शेवटी मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, "आप्पा, फाटकाला एक कडी बसवून घेतली तर?" आप्पा झोपाळ्यावर मागे रेलले. "सर, तुम्ही शिकलेली माणसं. नामदेव महाराजांनी काय केलं? कुत्र्यानं भाकरी पळवली तर तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. दत्तगुरूंच्या पायाशी कोण? युधिष्ठिरानं स्वर्गाच्या दारात कुणासाठी हट्ट धरला?" आता या तीन साक्षीदारांपुढे कोण काय बोलणार! घरी आल्यावर उत्तरं सुचली. नामदेव महाराज कुत्र्याच्या मागे धावले होते. आमच्या गल्लीत क्रम उलटा आहे. दत्तगुरूंचे चारही कुत्रे तसबिरीत पायाशी असतात, म्हणजे आवरलेले. आणि युधिष्ठिराचा कुत्रा एवढा हिमालय चढून गेला, पण वाटेत कुणाच्या पोटरीला लागल्याचा उल्लेख महाभारतात कुठे नाही.

वीजमीटरचं रीडिंग घ्यायला येणाऱ्या पोराची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. छकुलीनं त्याला धरलं. रक्त आलं. माझ्या पिढीच्या मनात कुत्रा चावला म्हटलं की पोटातली चौदा इंजेक्शनं येतात. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस आपल्याकडे 2005 च्या सुमारास बंद झाली, आता दंडात चार-पाच वेळा टोचून भागतं. पण भीती मात्र अजून पोटातच आहे. गल्लीतून एकजण हळद घेऊन धावला, एकीनं तिखट सुचवलं, कुणी चुना म्हणालं. समोरच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बाजूला करून त्याचा पाय नळाखाली धरला आणि साबणानं पंधरा मिनिटं धुवत बसल्या. पहिलं औषध तेच, असं म्हणाल्या. आप्पा धावत आले. खरोखर घाबरले होते. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अजिबात काळजी करू नकोस पोरा, तिला सगळी इंजेक्शनं दिली आहेत." डॉक्टरीणबाई मान वर न करता म्हणाल्या, "आप्पा, तिचं तिला झालं. याचं याला घ्यावं लागेल." आप्पांनी स्वतःच्या गाडीतून त्याला नेलं, खर्च केला, घरी सोडलं, वर आंब्याची पेटी दिली. कडी बसवली नाही. तेव्हापासून आमच्या गल्लीत रीडिंगला कुणी येत नाही आणि सगळ्यांना सरासरी बिल येतं. सर्वांत जास्त आप्पांना येतं. "कामचुकार झालीत सगळी पोरं," आप्पा हल्ली म्हणतात.

मग गल्लीतल्या वकीलसाहेबांकडे विषय गेला. त्यांनी आम्हाला आधी उत्साह दिला आणि मग तो काढून घेतला, वकिलीत याला सल्ला म्हणतात. उत्साह असा की, भारतीय न्याय संहितेत कलम 291 आहे. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होऊ नये इतकी काळजी जो घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे कायदा आहे, आणि तो आजकालचा नाही. 1860 च्या दंडसंहितेत तो कलम 289 म्हणून होता, दंड हजार रुपयांपर्यंत. 1 जुलै 2024 ला नवी संहिता आली तेव्हा त्याचे पाच हजार झाले. एवढ्या काळात सोनं कुठल्या कुठे गेलं, कोथिंबीर कुठल्या कुठे गेली, पण शेजाऱ्याची पोटरी पाचपटीवर अडकली. "करू या का फिर्याद?" वकीलसाहेबांनी विचारलं. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आप्पांची गाडी आली, आंब्याची पेटी आली. सहा महिने आप्पा आत, म्हणजे सहा महिने तीन कुत्रे कुणाकडे, हाही प्रश्न आला. कुणी काही बोललं नाही.

"मग सोसायटीनं कुत्रे पाळण्यावर बंदीच घालावी," असं एकजण म्हणाला. इथं वकीलसाहेबांनी उत्साह काढून घेतला. प्राणी कल्याण मंडळाचं 2015 सालचं परिपत्रक आहे. बहुमतानं काय, एकमतानं ठराव केलात तरी सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. लिफ्ट वापरू नका म्हणता येत नाही. तो भुंकतो, हे कारण चालत नाही. आमच्याकडे लिफ्ट नाही, त्यामुळे एका कलमातून आम्ही सुटलो. मला स्वतःला त्या परिपत्रकात काही वावगं वाटत नाही. कुत्रा पाळायचा हक्क माणसाला हवाच. पण हक्क आप्पांच्या पदरात, कुत्रे आमच्या पदरात, ही वाटणी कुणी केली, ते परिपत्रकात नाही. रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, असंही वकीलसाहेब म्हणाले. मग आम्ही मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं. छकुली त्या रात्री शांत झोपली. तिचं पित्त बरं होतं.

सरतेशेवटी विषय वार्षिक सभेत आला. सभा गणपती मंदिराच्या हॉलमध्ये. अध्यक्षस्थानी नियमाप्रमाणे सोसायटीचे चेअरमन, म्हणजे आप्पा. टेबलाखाली ब्रूनो, तो प्रत्येक सभेला असतो आणि कोरम मोजताना सेक्रेटरींची एखाद्या वेळेला गफलत होते. ठराव मी मांडला. नाव कुणाचं घेतलं नाही, आपल्याकडे तशी रीत नाही. 'काही सभासदांचे कुत्रे मोकळे फिरतात, त्यामुळे इतरांना त्रास होतो, तरी सर्व सभासदांनी आपापली जनावरं आवरावीत.' हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. सगळे आप्पांकडे पाहायचं टाळत होते. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "सर, तुम्ही फार महत्त्वाचा विषय काढलात. मी कधीचा म्हणतोय. काही लोक कुत्री पाळतात आणि अजिबात लक्ष देत नाहीत." अनुमोदन त्यांनी स्वतः दिलं. ठराव एकमतानं मंजूर. टाळ्या झाल्या. मग विषय क्रमांक सहा, पाण्याची टाकी.

मला त्या क्षणी उलगडा झाला. आप्पा नाटक करत नव्हते. त्यांच्या घरी कुत्रे नाहीतच. त्यांच्या घरी ब्रूनो आहे, सुलतान आहे, छकुली आहे. मोकाट सुटतात ते कुत्रे, आणि ते नेहमी दुसऱ्यांचे असतात. जगातल्या कुठल्याही मालकाला विचारा, त्याचा मोकळा आहे, शेजाऱ्याचा मोकाट आहे.

सभेतून बाहेर पडताना एका तरुण सभासदानं 'महापालिकेची गाडी बोलावू या' असा बूट काढला. त्याला समजावलं की ती गाडी भटक्या कुत्र्यांसाठी आहे, आणि त्यांनाही नसबंदी करून, लस टोचून, परत त्याच जागी सोडायचं असा 2001 पासूनचा नियम आहे. 2023 मध्ये नवे नियम आले, तेही तसेच. शिवाय महाराष्ट्राला या बाबतीत अनुभव आहे. 1832 च्या जून महिन्यात मुंबईत कंपनी सरकारची माणसं कुत्र्यामागे आठ आणे घेऊन कुत्री मारत सुटली होती. आठ आण्यांसाठी ती घरांतलीही कुत्री धरू लागली. पारशांच्या धर्मात कुत्र्याला मान, त्यात त्यांचा सणाचा दिवस. शहर दोन दिवस बंद पडलं, कुलाब्याच्या छावणीची रसद अडली, लष्कर आणावं लागलं. आपल्या मुंबईची पहिली मोठी दंगल कुत्र्यावरून झालेली आहे. सांगलीची व्हायला नको.

यंत्राचाही प्रयोग झाला. भाच्यानं ऑनलाइन मागवलं. माणसाला ऐकू येत नाही आणि कुत्र्याला सहन होत नाही, असा आवाज ते काढतं. माणसाचा कान वीस हजार हर्ट्झपर्यंत, कुत्र्याचा पंचेचाळीस हजारांच्या आसपास, असा त्यामागचा हिशेब. कल्पना जुनी. फ्रान्सिस गाल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं 1876 मध्ये अशी शिट्टी काढली, ती काठीच्या टोकाला बसवली आणि प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यापिंजऱ्यापाशी वाजवत हिंडला. पुढे स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात, जिथं रस्त्यात मोठमोठे कुत्रे लोळत पडलेले असायचे, तिथं तो तासन् तास शिट्टी वाजवत फिरला. एकाही मोठ्या कुत्र्यानं मान वळवली नाही. लहान कुत्रे तेवढे बघायचे. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे, पण यंत्राच्या खोक्यावर ते छापलेलं नव्हतं. आम्ही यंत्र भिंतीवर लावलं. ब्रूनो त्याच्याखाली झोपला. सुलताननं त्याच्यावर पाय वर केला. छकुलीला मात्र ते स्पष्ट ऐकू आलं, आणि ती त्याच्याशी रात्रभर बोलत बसली.

मे महिन्यात आप्पांची मुलगी बंगळूरहून आली. सोबत तीन वर्षांची नात. नात कुत्र्यांना घाबरते. स्टेशनवरून रिक्षा फाटकाशी थांबली, आत ब्रूनो उड्या मारायला लागला आणि पोरीनं असा टाहो फोडला की रिक्षावाला रिक्षा पुढे घेऊन गेला. मुलगी म्हणाली, "अहो बाबा, ते काही करत नाहीत हे मला माहिताय. पण ती इथं राहणार नाही. आम्ही परत जातो."

तासाभरात वेल्डर आला. संध्याकाळपर्यंत फाटकाला कडी, कोयंडा आणि वर एक कुलूप. मागच्या अंगणात जाळी. सुलतानला साखळी, ब्रूनोला साखळी, छकुलीला चक्क तोंडाला जाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा तिघांना साखळीनं धरून फिरायला नेताना दिसले, हातात कागद आणि पिशवीसुद्धा. मी भिंतीशी उभा होतो. नजरानजर झाली. आप्पा थांबले आणि अत्यंत गंभीरपणे, मला समजावून सांगावं अशा आवाजात म्हणाले, "सर, लहान लेकरू आहे घरात. शेवटी जनावर ते जनावर. त्याचा काय भरवसा?"

मी म्हटलं, "तेही खरंच आहे, आप्पा."

तो महिना आमच्या गल्लीच्या इतिहासात सोन्याचा. दुधाचा पोरगा भिंतीवरून उतरला. घंटागाडी थांबली, आम्ही कचरा टाकला, गाणं पूर्ण ऐकलं. फार बरं नाही ते गाणं. चपला जोडीनं दारात राहिल्या. वीजमीटरचं खरं रीडिंग झालं आणि आप्पांचं बिल निम्म्यावर आलं. गल्लीतल्या बायकांनी त्या पोरीला एवढे खाऊ दिले की तिचं पोट बिघडलं. सोसायटीच्या मुलांच्या खेळांच्या स्पर्धेचं बक्षीसवाटप तिच्या हस्ते झालं. तीन वर्षांच्या प्रमुख पाहुणीनं अर्धी बक्षिसं स्वतःकडे ठेवली, कुणी हरकत घेतली नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, ती गेली. पहिल्या आठवड्यात कुलूप हरवलं. दुसऱ्यात कोयंडा ढिला झाला. आता पुन्हा वीट आहे. फरशी अजून तशीच वर आलेली आहे, आणि ब्रूनो अजून आधी डावीकडूनच सुरुवात करतो.

दिवाळीला सुट्टी असते. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. राणी चन्नम्मा एक्सप्रेस बंगळूरहून थेट आपल्याकडे येते. आप्पांच्या मुलीला तारीख कळवून झाली आहे आणि तिकिटाची वर्गणी सेक्रेटरींकडे जमा करायची आहे. ज्यांची राहिली असेल त्यांनी कृपया या रविवारपर्यंत द्यावी. विसर्ग पाहून यावे.